आधी गाडी, मग कुलूप

तिला सगळे सिस्टर म्हणत. दवाखान्यात होती तेव्हा म्हणत, त्यात नवल नव्हतं. पण पुढे ती निवडून गेली, मंत्री झाली, दारात पोलीस उभा राहायला लागला, तरी लोकांच्या तोंडातलं सिस्टर काही सुटलं नाही. विरोधी बाकांवरचे तर मुद्दाम म्हणायचे. ती बोलायला उभी राहिली की मागून कुणीतरी ओरडायचं, "सिस्टर, जरा हळू टोचा हं!" आणि सगळं सभागृह खो-खो हसायचं. हसणं ओसरेपर्यंत ती थांबायची, चष्मा पुसायची आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागायची. बाळंतीण ओरडत असताना आपण ओरडायचं नसतं, एवढं तिला नोकरीनं शिकवलं होतं.

नोकरी घाटावरच्या एका लहान गावातली. बसस्टँडच्या मागे पिवळ्या भिंतींचा सरकारी दवाखाना आणि त्यातली शेवटची खोली बाळंतपणाची. दोन लोखंडी टेबलं, मान टाकणारा एक दिवा, त्याला चिकटपट्टीचे वेढे, कोपऱ्यात पाळणा. सिस्टर आणि तिच्या हाताखालची आया, जिला सगळं गाव मावशी म्हणायचं, या दोघींनी मिळून त्या गावाची एक अख्खी पिढी जगात आणली होती. सिस्टरच्या धाकट्या भावाची मुलगी तिथलीच. जन्मली तेव्हा ती धड रडली नाही, नुसती चिवचिवली. आत्यानं तिला तिथेच चिमणी म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

सरळ बाळंतपण असलं तर त्या खोलीत काही कमी नव्हतं. पण बाई अडली तर? डॉक्टर आला तर यायचा. भूल देणारा तर कधीच नव्हता. रक्त हवं असेल तर घाट उतरून मोठ्या शहरात जायचं. एकदा सुताराची बायको मोकळी झाली. मूल गुटगुटीत, घरचे आनंदात, आणि तिच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. सिस्टरनं मुठीनं पोट दाबून धरलं, सुया दिल्या, येत होतं ते सगळं केलं. मावशी बाहेर रस्त्यावर गाडी शोधत धावत होती. गाडी मिळाली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुतार दारात उभा होता. त्यानं सिस्टरच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार, सिस्टर."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर काही दिवसांनी खात्याचे मोठे अधिकारी पाहणीला आले. भिंतींना नवा रंग लावला होता, चादरी धुतल्या होत्या. सगळे मान डोलवत असताना सिस्टरच्या तोंडून निघून गेलं, "ही खोली बंद करा, साहेब. नाहीतर इथे माणसं आणा, रक्त आणा. पण अशी अर्धवट ठेवू नका. दार उघडं दिसतं म्हणून बायका विश्वासानं आत येतात."

नोकरी जाणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. नोकरी गेली नाही. त्या घोळक्यात एका पक्षाचा स्थानिक पुढारी होता. त्याला निवडणुकीसाठी बाई उमेदवार हवी होती आणि ही बाई लोकांसमोर बोलू शकते, हे त्यानं टिपून ठेवलं. त्यानं घरी येऊन विषय काढला तेव्हा तिचा नवरा ओट्याजवळ उभा राहून हातावरचं ग्रीस धूत होता. तो बसडेपोत ब्रेकचं काम करायचा.

"ही निवडून आली तर मला घरी जेवायला कोण वाढणार?" त्यानं विचारलं.

"आतापण तुम्हीच घेता वाढून," ती म्हणाली.

"मग काही हरकत नाही," तो पुढाऱ्याला म्हणाला. "पडली तर पडली. तसंही लोकांना जगात आणून वर त्यांची मतंही मागायची नाहीत, हे काही बरोबर नाही."

पहिलं पत्रक भावानं छापलं. त्याचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या जाहिराती छापायचा. आई गेल्यावर सिस्टरनंच त्याला वाढवलं होतं. त्यानं रात्रंदिवस यंत्र चालवलं आणि ती निवडून आली.

सभागृहात आरोग्यावरची चर्चा नेहमी जेवणानंतर ठेवलेली असायची. पोटं भरलेली, निम्मे बाक रिकामे, उरलेल्यांपैकी काही पेंगत. सिस्टर रिकाम्या बाकांना उद्देशून बोलायची. आरोग्य समितीत कुणाला जायचं नसायचं, कारण त्यात ना मान ना मिरवणं. तिनं स्वतःहून मागून घेतली. आणि मग ती फिरायला लागली. डोंगरातले, नदीकाठचे, खाणीजवळचे, सगळे लहान दवाखाने तिनं आतून पाहिले. सगळीकडे तीच खोली. तीच दोन टेबलं, तोच मान टाकणारा दिवा. मंडळी मागण्या करायची: रंग द्या, फरशी द्या, पंखा द्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तशी गत. कुठेतरी एखादी सिस्टर तिला बाजूला घेऊन हळूच सांगायची, "मागच्या पावसात आमच्याकडची एक गेली." तिला पुढचं ऐकावं लागायचं नाही.

पुष्कळ वर्षांनी तिची योजना तयार झाली. या लहान खोल्या बंद करायच्या. त्याऐवजी थोडी मोठी रुग्णालयं, पण खरीखुरी: चोवीस तास सर्जन, भूल देणारा, रक्त, तान्ह्या बाळांचा वेगळा विभाग. प्रत्येक दूरच्या गावासाठी सज्ज अॅम्ब्युलन्स. आणि रुग्णालयाशेजारी एक राहायची जागा, म्हणजे ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांनी आधीच येऊन राहावं. डॉक्टरांनी, परदेशात शिकून आलेल्यांनी, सगळ्यांनी ती योजना तपासली आणि मान्य केली. गावकऱ्यांना मात्र ती पटवणं जड गेलं. आपल्या गावातला दवाखाना बंद होणार, हे कुणाला आवडेल? ती पारावर, शाळेत, दुकानाच्या पायरीवर बसून एकच सांगायची, "आधी गाडी, मग कुलूप. दारात गाडी उभी राहिल्याशिवाय मी एकाही खोलीला कुलूप लावू देणार नाही. माझा शब्द आहे."

लोकांनी शब्द धरला. पक्षाचं सरकार आलं आणि तिला आरोग्य खातं मिळालं.

मंत्र्याची खोली मोठी होती. गालिचा, काचेचं टेबल, बटण दाबलं की माणूस आत. पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसली आणि तिला वाटलं, आता झालं. इतक्या वर्षांचं चालणं संपलं.

सरकारच्या प्रमुखांना सगळे साहेब म्हणत. मऊ आवाजाचे, कुणालाही नाही न म्हणणारे. त्यांच्या खोलीत अर्थमंत्री आधीच येऊन बसले होते.

"सिस्टर, तुमची योजना उत्तम आहे," साहेब म्हणाले. "यंदाच सुरू करू. खोल्या यंदा बंद करू, गाड्या पुढच्या वर्षी घेऊ."

"उलटं झालं हे, साहेब. आधी गाडी, मग कुलूप."

"तुमचं बरोबर आहे," अर्थमंत्री म्हणाले, "पण मोठ्या रुग्णालयांतच यंदाचं सगळं जातंय. खोल्या बंद केल्या तर तिथले डॉक्टर, नर्सेस तिकडे हलवता येतील. नाहीतर तुमची नवी रुग्णालयं माणसांशिवाय उघडायची का?"

"मग दोन्ही पुढच्या वर्षी करू."

साहेब हसले. "पुढच्या वर्षीनंतर निवडणूक लागते. निवडणुकीच्या तोंडावर दवाखाने बंद करणारा माणूस अजून जन्मायचाय. आत्ता नाही तर कधीच नाही, सिस्टर. मधले थोडे महिने तेवढे काढायचे. मी शब्द देतो ना."

ती घरी आली. नवऱ्यानं ताट वाढलं, तिनं घास फिरवले. इकडे आड, तिकडे विहीर. थांबलं तर त्या खोल्या तशाच चालू राहणार, दर पावसात कुणीतरी जाणार, आणि ही संधी पुन्हा यायची नाही. पुढे गेलं तर शब्द मोडणार. "थोडे महिने," ती स्वतःशीच म्हणाली.

"ब्रेक न लावता गाडी उतारावर सोडायची," नवरा म्हणाला, "आणि ब्रेक खाली पोचल्यावर बसवायचे, असं म्हणतोय का तुझा साहेब?"

"तसंच काहीतरी."

"आमच्या डेपोत असं करणाऱ्याला घरी बसवतात."

तिनं सही केली. ती मूर्ख नव्हती, लबाडही नव्हती. सुताराची बायको डोळ्यांपुढे होती म्हणून केली.

आपल्या जुन्या खोलीला कुलूप लागणार त्या दिवशी ती स्वतः गेली. दुसऱ्या कुणाला पाठवणं तिला बरं वाटलं नाही. टेबलं बाहेर काढून ठेवली होती, पाळण्यात जुनी कागदपत्रं टाकली होती. गाव जमलं होतं, पण घोषणा कुणी देत नव्हतं. घोषणांना तोंड देता आलं असतं. मावशी पायरीवर बसली होती. आता तिचे केस पार पांढरे झाले होते.

"गाडी कुठाय गं?" मावशीनं विचारलं.

"येतेय, मावशी. थोडे महिने."

"तू म्हणालीस ना, आधी गाडी."

"म्हणाले होते."

मावशी उठली, पदर झटकला आणि गुडघे धरत निघून गेली. जाताना वळून म्हणाली, "बाईचे दिवस थोड्या महिन्यांसाठी थांबत नाहीत, हे तुला आता कुणी सांगायचं?"

चिमणीला तेव्हा दिवस गेले होते. तिचं लग्न गावातल्याच शाळामास्तराशी झालं होतं. आत्यानं फोन करून बजावलं, "नववा लागला की माझ्याकडे शहरात राहायला ये. राहायची जागा अजून बांधून झाली नाही, पण आत्याचं घर काय कुठे पळून गेलंय?" चिमणी हसली होती. "येते गं. ह्यांच्या परीक्षा संपू देत, ह्यांना जेवणखाण कोण करणार? पुढच्या सोमवारी येते."

कळा आदल्या शुक्रवारीच सुरू झाल्या.

त्या भागाला एकच जुनी अॅम्ब्युलन्स होती आणि ती गॅरेजमध्ये इंजिन उघडून पडली होती. मास्तरनं शेजारच्या भाजीवाल्याचा टेम्पो आणला. मागे गादी टाकली, चिमणीची आई तिच्या उशाशी बसली. घाटाच्या मधल्या वळणावर एक ट्रक आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या. मास्तर टेम्पोतून उतरून एकेका गाडीच्या काचेवर हात आपटत डॉक्टर आहे का म्हणून विचारत फिरला. कुणी नव्हतं. मूल तिथेच झालं, टोपल्यांमध्ये. मानेभोवती नाळ. आजीनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. ते रडलं नाही. आणि मग चिमणीच्या अंगावरून जायला लागलं.

सिस्टरला निरोप मिळाला तेव्हा ती एका बैठकीत होती. नव्या रुग्णालयांच्या उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, यावर खल चालला होता. ती उठली ती तशीच चालत सुटली. तिच्यामागे तिचे कर्मचारी, त्यांच्यामागे पोलीस.

ट्रक हटल्यावर टेम्पो घाट उतरून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचला होता. ती तिथे पोचली तोवर चिमणीला ऑपरेशनमधून बाहेर आणलं होतं. सर्जन बाई भिंतीला टेकून उभी होती, टोपीखाली कपाळावर वळ उठले होते.

"वाचली," ती म्हणाली. "पिशवी काढावी लागली. खूप रक्त दिलं. आपल्याकडे होतं म्हणून देता आलं."

"आणि मूल?"

सर्जननं मान हलवली. सिस्टरनं तिचा दंड धरला. "मला खरं सांगा. ती खोली उघडी असती तर?"

"तुम्ही स्वतः नर्स होतात."

"मी तुम्हाला विचारतेय."

"नाळ तुमच्या मावशीनंसुद्धा सोडवली असती. मूल बहुतेक जगलं असतं." सर्जननं टोपी काढली. "ही जगली नसती. एवढं रक्त तिथे कुठून आणलं असतं?"

म्हणजे योजना बरोबर होती. योजनेचं एक टोक बरोबर होतं आणि दुसरं टोक घाटात अडकलं होतं.

भाऊ व्हरांड्यात बसला होता. ती जवळ गेली तसा तो उठून उभा राहिला. लहानपणापासून ती आली की तो उठायचा, तसाच.

"ताई," तो म्हणाला, "तू घाट चढून येतेस तेव्हा तुझ्यामागे चार गाड्या असतात. माझ्या पोरीला एक नव्हती?"

तो पुन्हा खाली बसला आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत राहिला.

चिमणी बोलायला लागली तेव्हा आत्या तिच्या उशाशी बसायची. पहिले काही दिवस ती डोळे मिटून घ्यायची. एका दुपारी तिनं विचारलं, "आत्या, गावातच राहिले असते तर?"

सिस्टरनं बाळंतिणींना आयुष्यात बरंच खोटं सांगितलं होतं, धीराचं. या वेळी तिला ते जमलं नाही. "बाळ वाचलं असतं, बहुतेक. तू वाचली नसतीस."

चिमणी छताकडे पाहत राहिली. "मला विचारलं असतं तर मी काय निवडलं असतं, ते माहितीये तुला?"

"माहितीये, बाळा."

"मग तू का निवडलंस?" तिनं पाठ वळवली. "आता येऊ नकोस तू."

ही बातमी लपणार थोडीच होती. सभागृहात विरोधकांनी कुलूप आणून तिच्या बाकावर ठेवलं. त्या दिवशी "हळू टोचा" म्हणायला कुणी उरलं नव्हतं, सगळे एका सुरात "खुनी" म्हणत होते. ती उभी राहिली, चष्मा काढला आणि बोललीच नाही. बसून घेतलं.

संध्याकाळी ती साहेबांकडे गेली. "गाड्या आत्ता द्या. या आठवड्यात द्या."

"देणारच आहोत," साहेब म्हणाले. "पण आत्ता दिल्या तर चूक कबूल केल्यासारखं होईल. थोडं थंड होऊ दे."

"साहेब, माझी भाची मरता मरता वाचलीये. चूक झालीच आहे."

"तुमची झाली असेल, सिस्टर. सरकारची कधी होत नाही." आवाज तसाच मऊ होता.

ती घरी आली आणि राजीनामा लिहायला बसली. नवरा समोर स्टुलावर येऊन बसला.

"दे राजीनामा," तो म्हणाला. "तुला बरं वाटेल. लोक म्हणतील, बाई स्वाभिमानी. पण ज्या खोल्यांना कुलूप लागलंय त्यांच्यासमोर गाडी कोण आणणार? तुझ्या खुर्चीवर जो येईल त्याला त्या गाड्यांची आठवण तरी असेल का?"

"मग काय करू? त्यांच्यासमोर नाक घासू?"

"अडलेल्या माणसानं दुसरं काय केलंय आजवर?"

तिनं कागद फाडला आणि दुसऱ्या दिवसापासून नाक घासायला सुरुवात केली. अर्थमंत्र्यांच्या खोलीबाहेर, जिथे ठेकेदार आणि शिफारसवाले बसायचे, त्या बाकावर आरोग्यमंत्री येऊन बसायच्या. शिपाई संकोचून चहा आणून द्यायचा. कधी अर्थमंत्री मागच्या दारानं निघून जायचे. ज्या पक्षसभासदांनी कधी आरोग्याचा आ काढला नव्हता, त्यांच्या घरी ती त्यांच्या नातवंडांच्या वाढदिवसाला जायला लागली. एकानं तिला सांगितलं, तुम्ही माझ्या भागातल्या साखर गोदामाला पाठिंबा द्या, मी तुमच्या गाड्यांना देतो. तिनं दिला. ज्या बाईनं जन्मात कुणाची मनधरणी केली नव्हती, ती बाई लोकांच्या विनोदांवर हसायला शिकली. आणि तेवढ्या काळात घाटावरून बातम्या येतच राहिल्या. एक मूल रिक्षात गेलं. एक पुलावर. एकीला वेळेत आणलं आणि दोघंही वाचली, पण अशी बातमी कुणी छापत नव्हतं.

गाड्या आल्या त्या निवडणुकीच्या तोंडावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. प्रत्येक गाडीच्या दोन्ही बाजूंना साहेबांचा हसरा चेहरा रंगवलेला. आणि त्या गेल्या कुठे? जिथे जागा निसटत्या होत्या तिथे. सपाटीवरच्या, रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेल्या गावांना दोन-दोन मिळाल्या. घाटाला एकच मिळाली, तीही बिनऑक्सिजनची. सिस्टरनं आपल्या खात्याच्या माणसाला विचारलं, "हे कुणी ठरवलं?" तो म्हणाला, "वरून आलं, मॅडम." वर तीच होती, असा तिचा इतके दिवस समज होता.

प्रचार सुरू झाला तसा भावाचा फोन आला. इस्पितळानंतर तो पहिल्यांदाच बोलत होता.

"ताई, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून सांगतो. विरोधकांची पोस्टरं माझ्याकडे छापायला आलीत. पाळणा आणि त्याला कुलूप, असं चित्र आहे. मी काम घेतलंय."

"चिमणी कशी आहे?" तिनं विचारलं.

"शाळेत जाते मास्तरबरोबर. लहान वर्गाला शिकवते. पोरं सुटली की मग रडते."

"रंग नीट लागलाय का पोस्टरला?"

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि दोघांनीही फोन ठेवला.

ती पडली. नुसती पडली नाही, आपटली. ज्या गावातली घरोघरची बाळं तिनं जगात आणली होती, त्या गावानंसुद्धा तिला मत दिलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं तिला वाटलंही नाही. साहेबांनी पराभवाचं खापर तिच्या खात्यावर फोडलं. पक्षाच्या कार्यालयात ती शिरली की संभाषणं थांबायची. थोड्या दिवसांनी तिनं जाणंच सोडलं.

पण खरा घाव पुढेच होता. नव्या सरकारनं प्रचारात दिलेलं वचन पाळलं. लहान खोल्या पुन्हा उघडल्या. वाजतगाजत. तिच्या जुन्या खोलीच्या उद्घाटनाला ती गेली आणि गर्दीच्या मागे, बसस्टँडच्या भिंतीजवळ उभी राहिली. तीच दोन टेबलं, नवा रंग दिलेली. फीत मावशीच्या हातून कापवली. बायका टाळ्या वाजवत होत्या, काही जणींच्या डोळ्यांत पाणी होतं. आपलं काहीतरी आपल्याला परत मिळालं, असे त्यांचे चेहरे. पांगापांग झाल्यावर तिनं नव्या डॉक्टरला गाठलं. पोरगेला होता, बदलीवर आलेला.

"भूल देणारा आहे?"

"येणार आहेत, म्हणे."

"रक्त?"

त्यानं तिला ओळखलं होतं. तो इकडेतिकडे बघायला लागला.

"आणि ती एक गाडी होती, ती?"

"ती परत नेली, मॅडम. खोली उघडली ना, आता गाडी कशाला, असं म्हणाले."

ती बसमध्ये बसली. तिकीट काढायचं विसरली, कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली. पंचवीसेक वर्षांपूर्वी जिथून निघाली होती त्याच्याही मागे ती सगळ्यांना नेऊन ठेवून आली होती. तेव्हा निदान लोकांना माहीत होतं की या खोलीत काहीतरी कमी आहे. आता ती खोली त्यांनी लढून मिळवली होती. लढून मिळवलेल्या गोष्टीत खोट आहे, असं कोण कुणाचं ऐकणार? आणि ते सांगणार कोण, तर कुलूप लावणारी बाई!

नवरा निवृत्त झाल्यावर दोघांनी घर बदललं. मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानांवर, तीन खोल्यांची जागा घेतली. दोन खोल्यांत खाटा टाकल्या. घाटावरच्या बायकांनी दिवस भरत आले की येऊन राहावं, फुकट, असा निरोप तिनं गावोगावच्या सिस्टरांना दिला. त्यांतल्या बहुतेकींनी तो पुढे सांगितला नाही. तिनं स्वतः फिरून पाहिलं. एका घरात सासूनं दारातच अडवलं, "आमच्याकडे आता दवाखाना आहे, बाई. तुम्ही बंद केला होतात तो." खाटांवरच्या चादरी नवरा धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तशाच घालायचा. आली तर एखादी यायची. जास्त करून कुणीच यायचं नाही.

एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. पोटुशी बाई, हातात पिशवी, पाय सुजलेले, सोबत कुणी नाही. जिना चढून धापा टाकत होती. तिचे ओठ पाहूनच सिस्टरला कळलं की हिच्या अंगात रक्त नाही.

"बसा, बसा. पाणी देते. कुठून आलात?"

बाईनं गावाचं नाव सांगितलं, खाटेच्या कडेवर टेकली, पदरानं गळा पुसला आणि वर पाहिलं. मग पाहतच राहिली.

"तुम्ही त्याच ना?" ती म्हणाली. "कुलूपवाल्या."

"हो, मीच."

"मला कुणी सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, एक म्हातारी ठेवून घेते." बाईनं पिशवी उचलली. "माझ्या बहिणीचं मूल त्या वर्षी गेलं. पुलावर."

"ताई, ऐका. माझ्याकडे राहू नका. पण गावाला परत जाऊ नका. तुमच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे काही झालं तर..."

बाई जिना उतरायला लागली होती. सिस्टर तिच्यामागे उतरली, चपला न घालताच. गल्लीत रिक्षा, हातगाड्या, औषधांच्या खोक्यांचे ढीग. बसस्टँड डावीकडे होतं आणि बाई डावीकडे वळली.

"मी नाही येत तुमच्या मागे," सिस्टर मागून म्हणाली. "हे बघा, इथेच थांबते. तुम्ही फक्त त्या फाटकातून आत जा. उजव्या हाताला खिडकी आहे. नुसतं रक्त तपासा म्हणा. मग काय करायचं ते करा. माझं नाव नका घेऊ. शिव्या घाला मला हव्या तर, पण आत जा."

बाई थांबली. पाय दुखत होते की काय, कोण जाणे. तिनं बसस्टँडकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. मग रस्ता ओलांडून फाटकाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन. आत गेली नाही, परतही गेली नाही.

सिस्टर औषधाच्या दुकानाच्या खांबाआड उभी राहिली. पुढे गेली तर बाई उठून जाईल, हे तिला कळत होतं. फाटकाशी ये-जा करणाऱ्या एकेका नर्सकडे ती पाहत होती, एखादी तरी त्या बाकाकडे बघेल म्हणून. नवरा खाली येऊन तिच्याजवळ चपला ठेवून गेला. तिनं त्या घातल्या नाहीत. ऊन सरकत बाकापर्यंत आलं. बाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि पोटावर हात ठेवून ती तशीच बसून राहिली.